अण्णांचा शेवटचा सीन

"वहिनी, ताट तिथं नका ठेवू. तिथं दुसरा अंक आहे!"

तिचं ताट हातातच राहिलं. जेवणाच्या टेबलावर धाकट्या दिरानं कागदाचे तुकडे मांडले होते, एकेका तुकड्यावर एकेक सीन. ते उडू नयेत म्हणून पंखाही बंद केला होता. घरातली माणसं घामानं निथळली तरी चालेल, सिनेमा उडायला नको!

"दुसरा अंक मांडीवर घेऊन बसा," ती म्हणाली आणि ताट तिथंच आदळलं.

दीर नुसता हसला. त्याला कधी धड भांडता यायचं नाही, आणि तिला सगळ्यात जास्त राग त्याचाच यायचा. जाहिराती लिहून लिहून तोंडाला गोडवा चढला होता मेल्याच्या. आता त्याला वडिलांवर छोटा सिनेमा काढायचा होता, आधी हसवणारा आणि शेवटी डोळे पुसायला लावणारा. अण्णा जाऊन दोन वर्षं झाली होती. ते अंथरुणावर होते तेव्हा हा वर्षातून एकदा फळांची पिशवी घेऊन यायचा, त्यांच्या पायाशी बसून फोटो काढायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत.

"अण्णांचं पात्र उभं राहिलंय," तो म्हणाला. "कवायत शिकवणारा रिटायर मास्तर, अर्धं अंग लुळं, स्वभाव तिरसट. पण हसूच येत नाहीये. एखादा किस्सा सांगा ना, वहिनी. तुम्ही तर चोवीस तास त्यांच्याजवळ होतात."

हे बाकी खरं बोलला. अण्णा कोसळले तेव्हा ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायच्या कामावर होती. "थोडे दिवस रजा घेतेस का?" नवऱ्यानं विचारलं होतं. ते थोडे दिवस सहा वर्षं पुरले. अण्णांचं अंग गेलं तरी जीभ शाबूत होती, नको तेवढी शाबूत. तिनं दिलेलं पाणी कोमट, तिनं लावलेली उशी दगड. ते तिला 'महामाया' म्हणायचे आणि तीही काही ऐकून घ्यायची नाही. सकाळी डोळे उघडल्यापासून दोघांची जुंपायची ती दिवे मालवेपर्यंत.

याला काही सांगायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पण तोंडाला कुलूप घालणं तिला कधी जमलंय?

"मी हाकेला ओ देत नाही म्हणून त्यांनी उशीखाली शिट्टी ठेवली होती," ती म्हणाली. "पाणी हवं, वाजव शिट्टी. कूस बदलायची, वाजव शिट्टी. शेजारचे भांडायला यायचे! एक दिवस जेवताना तोंड उघडेनात. मग मीच घेतली शिट्टी आणि त्यांच्या कानाशी अशी वाजवली, आणि ओरडले, 'आ कर!' उघडलं की हो तोंड! जन्मभर पोरांना लावलेली शिस्त, स्वतःलाच आवरेना."

सांगता सांगता तीच हसायला लागली. टेबलापलीकडे बसलेला नवराही पोट धरून हसला. अण्णा गेल्यापासून त्यांच्याबद्दल ती इतकं बोललीच नव्हती.

"झकास!" दिरानं नव्या कागदावर भराभर लिहिलं. "मुलगा शिट्टी वाजवतो, बाप तोंड उघडतो."

"मुलगा?"

"छोट्या सिनेमात माणसं कमी लागतात, वहिनी. दोन मुलगे, सून, शेजारी, एवढी गर्दी कुठं मावणार? सगळ्यांचा मिळून एकच मुलगा केलाय."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही वाजवलीत शिट्टी? अण्णांना कुशीवर वळवायचं म्हटलं की तुमची पाठ दुखायची."

"अगं, त्यात कुणाचं नाव थोडंच आहे," नवरा म्हणाला. पण खुशी काही लपत नव्हती. तो सिनेमातला गुणी मुलगा एव्हाना त्याच्या अंगाला बसला होता.

"आणि त्या मुलाची बायको? ती कुठं उलथली?"

दिरानं हातातला कागद उगाच पालथा केला, मग पुन्हा सरळ केला. "ती वारलेली आहे. म्हणजे मुलगा एकटा पडतो, लोकांना त्याची कणव येते. भिंतीवर तिचा फोटो आहे, पहिल्याच सीनमध्ये. तुमचाच एखादा चांगला फोटो द्याल का?"

तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"मेले होय मी? सहा वर्षं गू-मूत मी काढलं, शिव्या मी खाल्ल्या, आणि पहिल्याच सीनला तुम्ही मला मारून मोकळे? वर फोटोही मीच काढून द्यायचा?"

"मनाला लावून घेऊ नका हो. सिनेमाच तो."

"म्हणूनच! उद्या तुमची-माझी पोरं हेच बघतील आणि हेच खरं मानतील."

"दे ना गं एक फोटो," नवरा म्हणाला. "तुझं काय जातंय?"

हे तिला जास्त झोंबलं. दीर काय, आला तसा जाईल. पण हा माणूस सहा वर्षं त्या खोलीच्या दारात उभा राहून सगळं बघत होता.

"बरं, फोटो राहू दे," दीर म्हणाला. "माझं खरं घोडं शेवटाला अडलंय. अण्णा गेले तेव्हा तुम्ही एकट्याच होतात. शेवटी काय बोलले ते? तेवढं सांगा, पाया पडतो."

"मला काय विचारता? मी तर आधीच वारलेय. विचारा तुमच्या त्या मुलाला!"

ताट उचलून ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याशी उभ्यानंच जेवायला लागली. बाहेर दोघं भाऊ शेवट रचत होते.

"'बाळा, तू होतास म्हणून मी जगलो,'" धाकट्यानं हळवा आवाज काढून म्हटलं. पाठोपाठ नवऱ्यानं नाक ओढलं.

अण्णा गेले त्या दिवशी तिला ताप होता. अंग मोडून आलं होतं, तरी दुपारी ती नेहमीसारखी अण्णांचं अंग पुसत होती. बोलायचं त्राण नव्हतं. अण्णांनी पाण्याला नावं ठेवली, फडक्याला नावं ठेवली, तिनं कशालाच उत्तर दिलं नाही. मग ते बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"आज भांडली नाहीस," ते म्हणाले. "बरं नाही का गं तुला?"

"गप पडा," ती म्हणाली, आणि पाणी बदलायला मोरीत गेली. परत आली तेव्हा अण्णा गप पडले होते.

नवरा स्वयंपाकघराच्या दारात आला. डोळे ओले होते त्याचे. "खरंच काही बोलले नव्हते का गं अण्णा?"

"नाही," ती म्हणाली आणि ताट घासायला घेतलं.