आमच्याकडे तसलं काही नाही

सोनोग्राफी करताना डॉक्टरीणबाई एरवी अखंड बोलायच्या. बाळ कसं हात हलवतंय, कशी लाथ मारतंय, सगळं कौतुकाने सांगायच्या. त्या दिवशी त्या बोलता बोलता थांबल्या आणि कोपऱ्यात बसलेल्या सासूबाई पुढे वाकून पडद्याकडे बघू लागल्या.

"डोकं पुढून जरा चेपल्यासारखं दिसतंय," डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या, "म्हणून पाठ नीट बघितली. कण्याचा खालचा भाग जुळलेला नाही. तिथे छोटी पिशवी आलीय. घरात कुणाला असं झालं होतं का? मागे, दिवस राहायच्या आधी विचारलं होतं मी."

तेव्हा "छे, आमच्याकडे तसलं काही नाही!" असं सुनेच्या आधी ठणकावून सांगणाऱ्या सासूबाईच होत्या. आताही त्यांनी नकारार्थी मान हलवली.

त्यांची पहिली मुलगी अकरा दिवस जगली होती. पाठीवर लिंबाएवढा फुगा होता. लोकांना सांगितलं, तापाने गेली. मुलाला तर तेवढंही सांगितलं नाही.

दोन दिवस सुनेच्या घशाखाली घास उतरेना. "डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या घ्यायला मी दोनतीनदा विसरले होते, आई. माझ्यामुळेच झालं हे," ती भांडी विसळताना म्हणाली.

सासूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुझ्यामुळे नाही गं," म्हणत त्यांनी ओट्याकडे बघत सगळं सांगून टाकलं.

सुनेने नळ बंद केला. "दोन दिवस मी स्वतःला खात होते, आणि तुम्ही नुसत्या बघत बसलात?"

पुढच्या तपासणीला तिने त्यांना मुद्दाम बरोबर नेलं. डॉक्टरीणबाईंसमोर, नवऱ्यासमोर म्हणाली, "आई, आता तुम्हीच सांगा."

सासूबाईंनी अडखळत सांगितलं. मुलगा बघतच राहिला. "मला बहीण होती? नाव काय तिचं?"

"ठेवलंच नव्हतं रे."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर नोंद केली. "कळलं असतं तर फॉलिक अ‍ॅसिडचीच जास्त ताकदीची गोळी आधीपासून दिली असती. तरी टळलंच असतं असं नाही." दुसरं वाक्य त्यांनी सासूबाईंकडे बघून, दयेने म्हटलं. सासूबाईंची मान वर झाली नाही.

नवराबायकोने विचार करून बाळ ठेवायचं ठरवलं. मुलगी झाली. दुसऱ्याच दिवशी पाठीचं ऑपरेशन झालं. डावा पाय अधू राहिला. रोज सकाळी सून तिला व्यायामासाठी सासूबाईंच्या मांडीवर देते. कामापुरतं बोलते, त्याहून एक शब्द जास्त नाही.