मुहूर्ताचा नवा सेल

"काय करून ठेवलंस याला? आं?" नंदकिशोरने पत्र्याचा डबा टेबलावर आपटला. "सकाळपासून नुसता साधा सूर काढतोय! संगीतकार साहेब काचेमागे बसून घड्याळ बघतायत."

जयवंत तोडणकर दारातच थबकला. अंगात कारखान्याचा निळा शर्ट, नखांत वॉर्निश. मुलुंडला जळक्या मोटारींत तांब्याची तार भरायचं काम अर्धवट टाकून तो गोरेगावच्या या स्टुडिओत धावत आला होता. फोनवर नंदकिशोर एवढंच म्हणाला होता, 'असशील तसा ये.' आणि या येड्याला बसमध्ये वाटत राहिलं, वाजवायला बोलावलंय. सिनेमाच्या गाण्यात, आपल्या हाताने.

खुर्चीवर ऑर्लेमचा एडविन बसला होता. मांडीवर गिटार, समोर नोटेशनचे कागद. आणि शेजारी जयवंतचा अँप. त्याला झेंडूचा हार घातलेला.

हा अँप जयवंतने एका मोडक्या रेडिओतून उभा केला होता. स्पीकरच्या कागदाला दाढीच्या ब्लेडने तीन चिरा त्यानेच मारल्या होत्या. बिस्किटांच्या त्या पत्र्याच्या डब्यात दोन ट्रान्झिस्टर, एक चौकोनी सेल आणि पायाने दाबायचं बटण बसवून पेडल केलं होतं. नऊ वर्षं नंदकिशोरच्या ऑर्केस्ट्रात त्यातून असा घोगरा, खरवडलेला आवाज निघायचा की मंडपातल्या मागच्या रांगा उठून बघायच्या. ओल्या लाकडात करवत अडकावी तसा. दुबईहून महागडे अँप आणणाऱ्यांनाही तो साधला नव्हता. नंदकिशोरने त्यात काय केलं? अँपच्या खोक्याला रेग्झिन चिकटवलं आणि त्यावर चंदेरी रंगात स्वतःचं नाव घातलं. शनिवारी 'लग्नातल्या शोला लागतोय' म्हणून दोन्ही घेऊन गेला, तो थेट इथे.

"लग्न होतं ना रे?" जयवंतने विचारलं.

"ते सोड. आवाज काढून दे."

"देतो. मग मीच वाजवतो."

नंदकिशोर हसला. "तू? इथे कागद वाचायला लागतो, राजा. ते मंडपातलं कानाने वाजवणं इथे नाही चालत. तू मेकॅनिक, मेकॅनिकचं कर नि चहा पिऊन जा."

एडविन उठून उभा राहिला. "जयवंतभाय, तुमी बसा. चारच ओळी हायत. मी गाऊन दाखवतो, तुमी उचला."

"तुला कोणी विचारलं रे? बस खाली!"

एडविन बसला. काय करणार? त्यालाही उद्या काम हवं होतं.

जयवंतने गुडघे टेकून डबा उघडला. आत चकचकीत नवा सेल.

"हा कोणी घातला?"

"मी! पिक्चरचं पहिलं गाणं आहे. मुहूर्ताला नारळ फोडला, हार घातला, आणि आत तुझा तो मेलेला सेल ठेवू? अपशकुन साला. फेकून दिला."

जयवंतच्या सगळं ध्यानात आलं.

घाटकोपरच्या खोलीत सुगंधाचा तळहाताएवढा रेडिओ याच सेलवर चालायचा. गाणारी बाई विहिरीतून गायल्यासारखी वाटायला लागली की सुगंधा सेल काढून नवऱ्याच्या हातात द्यायची. तो जिभेला लावून बघायचा. झणझणला की अजून रेडिओलाच. नुसता चुरचुरला की डब्यात. डब्याला तसाच दमलेला सेल लागायचा. ताज्या सेलवर त्याचा घसा साफ व्हायचा आणि कुठल्याही गिटारसारखी गिटार वाजायची. हे दोनच माणसांना ठाऊक होतं.

एक वाक्य बोलायचं होतं. वॉचमनच्या टॉर्चमध्ये नाही, पण कँटीनच्या रेडिओत तसा सेल नक्की मिळाला असता. जयवंतने तोंड उघडलंही होतं.

नंदकिशोर काचेकडे वळून लाचारासारखा हसला. "दोनच मिनिटं, साहेब! आपलाच मेकॅनिक आहे. माझ्याकडेच शिकला."

जयवंतने तोंड मिटलं. डब्याचं झाकण लावलं, वायर काढून गुंडाळली आणि डबा काखेत मारला.

"ए! कुठे चाललास?"

"अँपवर तुझं नाव आहे, तो तुला ठेव. डब्यावर कोणाचं नाव नाही. तो माझा."

"जयवंत, बाहेर पाऊल टाकलंस ना, तर मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत कुठल्या मंडपाच्या दारात उभा राहू देणार नाही तुला. मोटारीच भरत बसशील!"

"बसेन. ते माझं मी शिकलोय, तुझ्याकडे नाही."

नंदकिशोरने तेवढा एक शब्द मात्र पाळला. त्या गणपतीत जयवंतला कोणी बोलावलं नाही, पुढच्याही नाही. गिटार माळ्यावर गेली.

एका रविवारी दुपारी ते गाणं सुगंधाच्या रेडिओवर लागलं. जयवंत जेवता जेवता थांबला. चार ओळींची ती जागा आली. तिथे सॅक्सोफोन होता. वाईट नव्हता. जयवंतने भात कालवला आणि पुढचा घास घेतला.

गाणं संपेपर्यंत आवाज खोल गेला होता. सुगंधाने रेडिओवर दोन चापट्या मारल्या. "मेल्याचो आवाज बसलो." मग सवयीने सेल काढून त्याच्यापुढे धरला. खिडकीच्या कट्ट्यावर आधीचे अकरा दमलेले सेल उभे होते. त्यांच्याकडे बघून ती म्हणाली, "आता कित्याक ठेवतास हे?"

जयवंतने हात धुतले, सेल जिभेला लावला.

चुरचुरला. अगदी हवा तेवढा.

त्याने तो शर्टाला पुसला आणि रांगेच्या टोकाला नीट उभा केला. मग कपाटातून नवा काढून तिच्या रेडिओत घातला.