एकाच नावाच्या दोन फ्लॉप्या

मी एक जुनी फ्लॉपी आहे. काळी, पातळ, चौकोनी. माझं सांगणं ऐकण्यासारखं आहे का, याची मला खात्री नाही, तरी सांगते.

१९८६ साली बेळगावच्या एका पंपाच्या कारखान्यात शेवंताबाईंनी माझ्यावर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. नाव 'माप'. पंपाच्या कोणत्या शाफ्टला, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याला, केवढा बुश, म्हणजे धातूचं कडं, बसतो, एवढंच त्यात होतं. मोठा प्रोग्रॅम बांधताना मला त्यात जोडत. मित्रांनो, मोठा प्रोग्रॅम एकटा उभा राहत नाही, हे मला तेव्हा कळलं. मला कुतूहल वाटे, मी आणखी कशाकशात असेन?

दोन वर्षांनी शाफ्ट बदलले. शेवंताबाईंनी नवी फ्लॉपी केली. नाव तेच, 'माप'. मला टाकायला निघाल्या, तर फोरमन आण्णाप्पा म्हणाले, "आक्का, खंडेनवमीला हळदकुंकू लावलंय तिला. पुजलेलं टाकताय व्हय?" मी नवीच्या शेजारी डब्यातच राहिले.

पुढे सगळे लहान प्रोग्रॅम जोडून नवा मोठा प्रोग्रॅम बांधताना शेवंताबाईंच्या हाताला मी लागले. संगणकानं नाव विचारलं, वय विचारलं नाही. छापून आलेल्या मापांवर येळ्ळूरहून येणाऱ्या कामगार मायाप्पांनी लेथ यंत्रावर चाळीस बुश कापले. एकही बसेना.

"डोळं गेलं रं तुझं," आण्णाप्पा ओरडले. "सोमवारपासनं येऊ नगंस!"

"कागदावर आलतं तेच कापलं म्या," मायाप्पा म्हणाले. "माप घेतलं मशिननं, अन् चड्डी उसवली म्हणून शिंप्याला धरताय व्हय?"

हे ऐकून शेवंताबाईंनी मोठा प्रोग्रॅम ओळीओळीनं वाचला. दोन दिवस चूक सापडेना. शनिवारी त्यांनी जोडलेला एकेक लहान प्रोग्रॅम उघडला. माझ्या पहिल्याच ओळीत साल होतं, १९८६.

त्या तडक शेडमध्ये गेल्या. "आण्णा, मायाप्पामामांचा हात न्हाय चुकला. जुनं माप मी जोडलं."

आण्णाप्पा मायाप्पांच्या लेथपाशी गेले. मग हळूच म्हणाले, "मायाप्पा, सोमवारी ये रं."

"आंधळा येऊ का डोळस?" मायाप्पांनी विचारलं, आणि सगळी शेड हसली.

त्या दिवसापासून शेवंताबाई प्रत्येक मोठ्या प्रोग्रॅमसोबत एक कागद ठेवू लागल्या. आत कोण कोण आहे, कोणत्या सालचं आहे. मला हे आधी सांगता आलं असतं का, कोण जाणे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण त्या जुन्या आहेत, हे त्यांच्यावर लिहा. नाहीतर आमची चूक एखाद्या कष्टाळू माणसाच्या माथी येते, आणि आम्हाला तोंड नसतं.