भिंतीवरचा सिनेमा

"आणि माणसं कोण मोजणार?" रत्नप्रभाने खिडकीची काच खाली करून मान बाहेर काढली.

"कोणी नाही मोजत गं आजी. मोबाइल दाखवायचा, दांडा वर, आपण आत." प्रांजलने फोन फाटकावरच्या खांबासमोर धरला. खांब टुंग वाजला, दांडा वर गेला.

"आणि डिकीत कोणी लपलं असेल तर?"

"डिकीत? सिनेमाला? यार आजी, कोण जातं डिकीत बसून!"

रत्नप्रभा नुसती हसली. कोण जात नसे? खाडीकाठच्या ड्राइव्ह-इनच्या फाटकावर तिने एकोणीस वर्षं काढली होती. गाडीची मागची चाकं जरा जास्त दबलेली दिसली की ती डिकीवर टिचकी मारून म्हणायची, "पाहुण्यांचं तिकीट राहिलं." एकदा आतून शिंक आली होती. गाडीचा मालक म्हणाला, इंजिनचा आवाज आहे. ती म्हणाली, इंजिनाला सर्दी झालीय, सुंठीचा काढा द्या.

आताचं ड्राइव्ह-इन मॉलच्या गच्चीवर होतं. गाडी गोल गोल वळणं घेत वर निघाली आणि मागच्या सीटवर तिच्या शेजारी बसलेला तिचा नवरा गुणाजी चुळबुळायला लागला.

"घराक कधी जावचा?"

"आता तर इलाव! जरा बसा ना थंड," रत्नप्रभा म्हणाली. ती मोठ्यानेच म्हणाली. गिरणीच्या साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात, वयाच्या बाविसाव्या वर्षापासून संपापर्यंत उभं राहून गुणाजीचे कान अर्धे तिथेच राहिले होते. उरलेले अर्धे वयाने नेले. सुशांतने, त्यांच्या मुलाने, महागाचं कानातलं मशीन आणून दिलं होतं. ते शर्टाच्या खिशात असे.

"ता कानात घाला. आज आवाजासकट बघूया."

"नको माका. कोकलता नुसता."

प्रांजलने गाडी तिसऱ्या रांगेत लावली. समोर भलामोठा पांढरा पडदा आणि त्याच्यामागे काचेच्या इमारती. आभाळात अजून उजेड होता. रत्नप्रभाने डावीकडे पाहिलं.

"डबा कुठाय?"

"कसला डबा?"

"आवाजाचा. खांबावर असायचा, वायरीला. काढून खिडकीला अडकवायचा. सिनेमा संपला की लोक विसरायचे आणि गाडी काढायचे; वायर तुटून डबा गाडीबरोबर घरी."

"झकास! आता रेडिओवर येतो आवाज. हे बघ." प्रांजलने बटण फिरवलं. गाडीभर जाहिरात घुमली. गुणाजीला त्याचा पत्ता नव्हता. तो दाराचं हँडल चाचपत होता.

खरं तर हा घाट प्रांजलने घातला असला, तरी हट्ट रत्नप्रभाचा होता. घाटकोपरच्या भटवाडीतल्या त्यांच्या घरात महिनाभर ती नातीच्या मागे लागली होती. मॉलवाले जुने सिनेमे परत लावतात, असं प्रांजल सहज बोलून गेली आणि यादी वाचताना एक नाव तिच्या तोंडून निघालं. रत्नप्रभाच्या हातातली कोथिंबीर हातातच राहिली. "हाच. हाच बघायचा मला."

एकोणीस वर्षांत तिने एकही सिनेमा पाहिला नव्हता. फाटकाचं तोंड रस्त्याकडे आणि पडदा तिच्या पाठीमागे. वर आवाज ज्याच्या त्याच्या डब्यात. गाड्या आत सोडायच्या, शेवटची गाडी बाहेर पडली की साखळी लावायची. गुणाजी तिला न्यायला यायचा, पण आत म्हणून कधी आला नाही. स्टाफच्या घरच्यांना पुढच्या खुर्च्यांवर फुकट बसता यायचं. तिने किती वेळा सांगितलं. संपानंतर गिरणी परत सुरू झालीच नव्हती. बायकोच्या नोकरीवर सिनेमा बघायचा नाही, एवढा एकच तोरा त्याच्याकडे उरला होता. तो कुंपणापलीकडे नाल्याच्या भिंतीवर बसायचा. तिथून पडदा दिसायचा, आवाज शून्य. मग दोघं चालत भटवाडीला येताना तो तिला सिनेमा सांगायचा. कोण कोणाचा भाऊ, कोणी कोणाला फसवलं, शेवटी काय झालं. रंगवून, हातवारे करून. त्याच सिनेमाची गोष्ट दुसऱ्या कोणाकडून ऐकली की ती भलतीच निघायची. घरात मग त्याला नावच पडलं. कोणी थाप मारली की सुशांत म्हणायचा, "बाबांचा भिंतीवरचा सिनेमा!" रत्नप्रभा गुणाजीची बाजू घ्यायची. आवाजाशिवाय माणूस आणखी किती सांगणार?

पण या एका सिनेमाचं वेगळं होतं.

तो लागला त्या वर्षी तिची धाकटी बहीण सपना इस्पितळात होती. छातीचा आजार. सिनेमातही तसंच होतं : बेटावरच्या शाळेतला एक मास्तर, त्याची आजारी बायको, तिला होडीतून शहरातल्या इस्पितळात नेलेलं. गुणाजीने शेवट सांगितला होता तो असा : महिने जातात, एक दिवस होडी धक्क्याला लागते आणि ती बाई बरी होऊन आपल्या पायांनी उतरते. निळं लुगडं. गावातली पोरं धावत येतात. रत्नप्रभाने दुसऱ्या दिवशी ते सपनाला सांगितलं. सपना तर रोज मागायची. "ताई, होडीचं परत सांग." ताई परत सांगायची. लुगड्याच्या काठाला तिने आपल्या मनाने जर लावली होती.

दिवाळीनंतर सपना गेली. पण ती बाई होडीतून उतरली होती, हे रत्नप्रभाने चाळीस वर्षं धरून ठेवलं होतं. एकदा, डोळे मिटायच्या आत, तिला ती उतरताना बघायची होती. बाकी काही नको होतं.

गुणाजीला सिनेमा कुठला, हे तिने सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्याला काय आठवणार, असं तिला वाटलं होतं.

अंधार पडला. पडद्यावर समुद्र आला, मग पाट्या. गुणाजी पुढे वाकला. डोळे बारीक करून त्याने बघितलं आणि तो एकदम मागे टेकला.

"ह्यो खयचो सिनेमा गो?"

"होडीवालो. तुमी सांगलेलात तो."

गुणाजीने पुन्हा दाराचं हँडल चाचपलं. थोड्या वेळाने म्हणाला, "माका जरा जाऊन येवचा हा."

प्रांजल त्याला घेऊन गेली. पाऊण तास होतो न होतो, तर पुन्हा. मग गुडघा धरला. मग वारा लागतो म्हणाला. काच वर केली तर घुसमटतो म्हणाला. मध्यंतरात पॉपकॉर्न आला, तो त्याने नुसता मांडीवर ठेवला.

"चला आता. बघलंस ना? फुडे काय नाय तेच्यात."

"फुडेच तर हा सगळा!"

"तोच तोच. रडारड."

"रडारड खय? तुमीच सांगलात, बरी होता म्हणान."

"गो, इतक्या वरसां झाली. माका काय आठवता? प्रांजल, काढ गाडी."

"आजोबा, दोन्ही बाजूंनी गाड्या आहेत," प्रांजल मागे वळून ओरडली. "आत्ता नाही निघता येणार! आणि मला पण बघायचाय!"

"तुमी गप बसा," रत्नप्रभाचा आवाज चढला. "एकुणीस वरसां मी लोकांच्या गाडये आत सोडलंय. आज मी शेवट बघल्याबिगर हयसून उठूचंय नाय."

शेजारच्या गाडीतल्या बाईने काच वर घेतली. गुणाजी दाराला टेकून बसला. त्याचा पाय थांबत नव्हता. सीट त्याच्याबरोबर हलत होती.

रत्नप्रभालाही आता स्वस्थ बसवेना. सिनेमा त्याने सांगितला तसाच चालला होता आणि तसा नव्हताही. मास्तराचा भाऊ म्हणून त्याने सांगितलेला माणूस डॉक्टर निघाला. हसण्याच्या जागी भांडण होतं. आवाज नव्हता ना, ती मनाशी म्हणत राहिली, चुकणारच. पडद्यावरची बाई इस्पितळाच्या खिडकीत बसून केस विंचरत होती आणि फणीत केस येत होते. सपनाच्याही यायचे. ते मात्र गुणाजीने सांगितलं नव्हतं.

मग समुद्र. पहाट. लांबून होडी.

रत्नप्रभाने पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली. धक्क्यावर पोरं धावत आली, अगदी त्याने सांगितली होती तशी. होडी लागली. नावाड्याने दोर फेकला. मास्तर उतरला. त्याने वळून हात पुढे केला आणि नावाड्याने आतून त्याच्या हातात एक ट्रंक दिली. पत्र्याची, हिरवी. ती घेऊन तो चालू लागला. पोरं धावायची थांबली.

रत्नप्रभा होडीकडेच बघत होती. अजून कोणी उतरेल. अजून. होडी रिकामी हलत राहिली, आणि मग पडदा काळा झाला, आणि नावं वर सरकू लागली.

पुढे प्रांजल नाक ओढत होती. "किती वाईट यार. एक शब्द नाही शेवटच्या सीनला."

एक शब्द नव्हता. हे रत्नप्रभाच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. रेडिओतून नुसती लाटांची गाज आली होती. नाल्याच्या भिंतीवरून जे दिसलं असेल, ते हेच. होडी, एक माणूस, एक ट्रंक. यात चुकण्यासारखं काय होतं?

त्या रात्री तो नेहमीपेक्षा सावकाश चालला होता. तिला आता ते आठवलं. स्टेशनच्या पुलावर येईपर्यंत तो काही बोललाच नव्हता. तिनेच विचारलं होतं, सांगा की, बरी झाली ना ती? आणि मग त्याने सांगायला घेतलं.

तिने वळून पाहिलं. गुणाजी पडद्याकडे बघतच नव्हता. तोंड फिरवून तो बाहेर, शेजारच्या गाडीच्या दाराकडे बघत होता. किती वेळ, कोण जाणे. त्याच्या मांडीवरच्या पॉपकॉर्नला हात लागला नव्हता.

तिचा हात त्याच्या खांद्याला लागला तसा तो दचकला. आजूबाजूला गाड्या सुरू होऊ लागल्या होत्या. त्याने घसा खाकरला.

"माझा लक्ष नाय होता," तो म्हणाला. बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात. "काय झाला गो शेवटाक?"

प्रांजल आरशातून दोघांकडे बघायला लागली. रत्नप्रभाचे ओठ नुसते हलले.

"हां? काय म्हणतंस?"

तिने पदराने तोंड पुसलं. त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि आजूबाजूच्या दहा गाड्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ती म्हणाली, "इली! होडयेतसून उतारली. आपल्या पायांनी चलत घराक गेली!"

पुढच्या गाडीतल्या दोघांनी वळून पाहिलं. एक पोरगा फिसकन हसला. प्रांजलने काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आजीकडे पाहिलं आणि ते तसंच मिटलं. तिने गाडी सुरू केली.

गुणाजीने मान हलवली. दोनदा. पाय आता स्थिर होता.

"माका ठावक होता," तो म्हणाला आणि सीटच्या खाचेत हात घालून पट्ट्याचं टोक शोधू लागला. ते त्याला सापडेना. रत्नप्रभाने ते काढून त्याच्या हातात दिलं.