कासीचा आवाज

परात बायनाबाईच्या हातून निसटली आणि ओट्याच्या दगडावर अशी आदळली, की खुंट्याचं करडू उडालंच. पण बायनाबाई करडाकडे बघत नव्हती. ओट्याकडे पाठ करून मातीत खेळणारी तीन वर्षांची कासी दचकून मागे वळली होती.

“आत्ता गं बया!” बायनाबाई म्हणाली. “ह्या पोरीला ऐकू येतंय!”

कासी तिच्या भावाची, ग्यानबाची मुलगी. ग्यानबा जन्माचा मुका-बहिरा, आणि त्याला करून दिलेली बायको केवळाबाई, तीही तशीच. मेंढरं घेऊन दोघं वर्षाचे आठ महिने गोदावरीच्या अंगाला रानोमाळ असायची. पावसाळ्यात तेवढी पिंगळीला बायनाबाईच्या घरामागे येऊन राहायची. कासी जन्मली तेव्हाच सगळ्यांनी ठरवून टाकलं, की आईबाप असे तर लेक वेगळी कुठून असणार? मग तिला कोणी हाकच मारली नाही. जो तो तिच्यापुढे नुसते हात नाचवायचा. भूक लागली की कासी कोकरासारखी ‘में’ करायची आणि लोक पोट धरून हसायचे. कोकराचा आवाज कानात शिरल्याशिवाय तोंडातून निघेल कसा, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

बायनाबाईच्या तर यायलाच हवं होतं. पिंगळीत तिच्याइतकी बोलकी बाई दुसरी नव्हती. ती कोंबड्यांशी बोलायची, चुलीशी भांडायची, स्टेशनात खोळंबलेल्या मालगाडीलाही “कामून उभी ऱ्हायलीस गं?” म्हणून विचारायची. तिचा नवरा मुंजाजी रेल्वेत गँगमन. दिवसभर रुळांवर राबून तो घरी आला, की त्याचं पहिलं बोलणं ठरलेलं असायचं, “चूप! घडीभर चूप बस.” आणि अशा बाईनं, जिला स्वतःचं मूलबाळ नव्हतं, एकुलत्या एका भाचीशी तीन वर्षांत अवाक्षर काढलं नव्हतं. हे ध्यानात आलं तशी तिनं कासीला उचलून कडेवर घेतलं. तिला स्वतःची लाज वाटली.

ती तशीच कडूबाई सुईणीकडे गेली. कडूबाईनं कासीच्या मागे उभं राहून चुटक्या वाजवल्या, कधी या कानाशी, कधी त्या कानाशी, आणि मान डोलावली.

“कान झकास हायेत. पर नुसत्या कानानं काय व्हतंय? पेडगावला असंच एक पोरगं व्हतं, मेंढरामागंच वाढलेलं. मिसरूड फुटल्यावर कळलं, की त्याला ऐकू येतंय. मग लय शिकिवलं त्याला, पर बोलनं काई धड आलं न्हाई.”

“आन् असं कामून?”

“रानातली पायवाट कशी पडती? रोज मानूस गेलं तर पडती. डोस्क्यातबी तसंच असंल बग. ह्याच वयात बोलनं रोज कानातून जाया पायजे. उशीर झाला, की मग लाख चाला, वाट पडत न्हाई. हिला आवंदा रानात धाडू नको.”

दसरा झाला. मेंढरं निघायच्या दिवशी बायनाबाईनं भावजयीला खुणा केल्या. कासीकडे बोट दाखवलं, मग आपल्या घराकडे. केवळाबाईनं मुलीला एकदम छातीशी ओढलं. नणंदेला मूल नाही, ती आपलं घेऊ बघतेय, एवढाच अर्थ तिला लागला. ग्यानबानंही काठी आपटली. बोलण्यात कधी न अडलेली बायनाबाई पुरती अडली.

शेवटी ती घरातून परात घेऊन आली. कासीच्या पाठीमागे जाऊन तिनं परातीवर उलथनं हाणलं. कासी वळली. केवळाबाईच्या कपाळाला आठी पडली. तिनं ती परात हिसकावून घेतली, मुलीला पाठमोरी उभी केली आणि स्वतःच्या हातानं वाजवली. परात तिच्या बोटांत थरथरली, मुलगी वळली. तिनं पुन्हा वाजवली. पुन्हा, पुन्हा, कासी कानांवर हात ठेवून रडायला लागेपर्यंत. मग परात हळूच खाली ठेवून केवळाबाई मुलीच्या कानाकडे बघत राहिली. आपल्याकडे नाही ते हिच्याकडे आहे, आणि ते आपल्यापाशी राहून वाया जाणार आहे, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. तिनं कासीचं तोंड पदरानं पुसलं आणि तिला उचलून बायनाबाईच्या कडेवर दिलं. नंतर ती मेंढरांच्या पुढे चालू लागली. तिनं एकदाही मागे पाहिलं नाही.

पुढचे महिने बायनाबाई नुसती बोलत होती. कासी ऐकायची, टुकूटुकू बघायची आणि ‘में’ करायची. संक्रांत झाली, शिमगा झाला, तरी शब्द नाही. बायनाबाईचा धीर सुटत चालला. मग एका संध्याकाळी तिची भाकरी आणि तोंड दोन्ही जोरात चालू असताना कासीनं तिच्याकडे बघून ठणकावलं,

“चूप!”

मुंजाजी हसता हसता लोळायचा बाकी राहिला. बायनाबाई मात्र पिठाच्या हातानं पोरीला कवटाळून रडली. त्यानंतर बांध फुटला. गाडी आली, भाकर दे, कोंबडी पळाली. आणि एक दिवस, शेजारच्या पोरांचं ऐकून, कासीनं तिला ‘आई’ म्हटलं. आपण आत्या आहोत हे बायनाबाई तेव्हाच सांगू शकत होती. तिनं सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत तिनं ते गोड करून घेतलं.

मृगाच्या तोंडावर मेंढरं परतली. केवळाबाई धावतच आली आणि कासीपुढे उकिडवी बसली. तिनं हातानं दुधाची खूण केली, झोपेची केली, मायलेकींच्याच अशा आणखी कसल्या कसल्या केल्या. कासीला त्यातली एकही आठवत नव्हती. ती बायनाबाईचं लुगडं धरून म्हणाली, “आई, ही बाई कामून अशी करायलीय?”

मुलीचे ओठ हलताना केवळाबाईनं पाहिलं. तिनं हात पुढे करून तळवा मुलीच्या गळ्यावर ठेवला आणि आणखी बोल म्हणून हनुवटी हलवली. तिचा चेहरा आनंदानं नुसता फुलला होता. मुलीनं आई म्हटलं ते कोणाला, हे तिला कळायची सोय नव्हती. बायनाबाईनं मनात आणलं असतं तर ते तिला कधीच कळलं नसतं.

“कासे,” ती म्हणाली, “म्या तुजी आत्या हाये. आई ही. तिला ऐकू येत न्हाई, म्हून ती हात लावून ऐकायलीय. तिला आई म्हन.”

कासीनं एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं.

“आई,” ती त्या अनोळखी बाईला म्हणाली.

तळव्याखाली गळा थरारला. केवळाबाईनं मान डोलावली, पुन्हा हनुवटी हलवली. आणखी.

कासी मागे वळली.

“आत्या,” तिनं विचारलं, “आता काय बोलू?”

केवळाबाईचा हात अजून तिच्या गळ्यावरच होता.