घर घरातच राहिलं

धाकट्याने ओल्या सिमेंटवर फरशी टेकवली, मुठीने ठोकली आणि मान तिरकी करून रेघ सरळ आली का ते पाहिलं. मोठा भाऊ दारातच उभा होता. आज सांगून टाकायचं असं ठरवूनच तो आला होता. तसं तो महिनाभर रोजच ठरवत होता.

घर धाकट्याचंच. फरश्यांच्या दुकानासाठी त्याने ते गहाण टाकलं, दुकान बुडालं आणि बँकेने घराला कुलूप लावलं. लिलावात ते मोठ्याने घेतलं. स्वस्तात मिळत होतं, आणि नुसत्या चष्म्यांच्या दुकानावर त्याचं आता भागत नव्हतं; भाड्याचा हातभार लागला असता. पण नातेवाइकांसमोर त्याच्या तोंडून भलतंच निघून गेलं, "घर घरातच राहिलं म्हणजे झालं." आत्याचे डोळे भरून आले. भाऊ असावा तर असा, असं चारचौघांनी बोलून दाखवलं. एवढं कौतुक जन्मात कधी त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. खरं सांगून ते घालवायचा त्याला धीर झाला नाही.

दुसऱ्याच दिवशी धाकटा थापी घेऊन हजर. मजुरीचं विचारलं तर हसायला लागला.

"आपल्याच घराचे पैसे घेऊ होय?"

तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. ते उघडलं नाही, आणि गवंड्याचे पैसे वाचले हेही मनात आल्याशिवाय राहिलं नाही. त्याची त्याला लाज वाटली. पण पैसे वाचलेच.

"दादा, ही खोली संपली की सुटलो," धाकटा म्हणाला.

"अरे, मला जरा तुझ्याशी..."

बाहेर गाडी थांबली. संध्याकाळी ये म्हणून बजावलेला एजंट भरदुपारीच एका जोडप्याला घेऊन आत आला.

"वा, मालकही इथेच आहेत!" तो जोडप्याला म्हणाला. "एक तारखेला चावी तुमच्या हातात. भाडं मात्र सांगितलं तेच हं."

धाकट्याने हातातली फरशी हळूच खाली ठेवली. मोठ्याला तिथे उभं राहवेना. जोडप्यातली बाई खोल्या पाहून आली आणि तिने विचारलं, "पाणी कसं आहे हो इथे?"

मोठ्याला ते माहीत नव्हतं.

"पाणी भरपूर आहे," धाकटा जमिनीकडे बघत म्हणाला. "मागच्या खोलीची खिडकी उघडी ठेवत जा. वारा छान येतो."

ती मंडळी गेली. धाकटा कामाला लागला. त्याने काही विचारलं असतं तर बरं झालं असतं.

धाकट्याची बायको मागच्या अंगणात नळाखाली कपाटांची दारं धूत होती. ती ओल्या हातांनी आत आली.

"गाडी कुणाची होती?"

"रस्ता चुकले होते," धाकटा म्हणाला.

"भाऊजी, राहायला कधी यायचं? पोरगी नुसतं डोकं खातेय. शाळेत सगळ्यांना सांगूनही बसलीय."

धाकट्याने आता पहिल्यांदाच मोठ्याच्या तोंडाकडे पाहिलं. पाहतच राहिला.

मोठ्याने घसा खाकरला.

"फरशी वाळायला वेळ लागतो," तो म्हणाला.

"लागू दे की. आता कसली घाई!" ती हसली, आणि उरलेली दारं घासायला मागे गेली.