ओतून द्यायचं पाणी

सुनेनं राधाबाईंना सांगितलं नव्हतं, असं नाही. चांगलं समोर बसवून सांगितलं होतं. लेकाच्या, दौलतच्या किडन्या गेल्यात, परळला डायलिसिस चालू आहे. भाजीतलं पोटॅशियम आता अंगाबाहेर पडत नाही, आणि ते साचलं की हृदय बंद पडतं. म्हणून भाजी भरपूर पाण्यात उकडायची आणि पाणी ओतून द्यायचं. पण राधाबाई कसल्या ऐकतात! करी रोडच्या चाळीत पोरं वाढवलेली बाई; तिला कालची सुचित्रा भाजी शिकवणार?

"माझ्या झिलाक उपाशी मारता ही," असं त्या जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटल्या. सत्त्व मोरीत आणि पोराच्या ताटात चोथा, हे त्यांना बघवेना. मग एक दिवस त्या एकदम गोड झाल्या. तू खुशाल कामावर जा, म्हणाल्या, उकडायचं मी बघते. सुचित्राला वाटलं, चला, उशिरा का होईना, पटलं म्हातारीला.

डोंबलाचं पटलं! बटाट्याचं, पालकाचं पाणी निथळायचं, त्याला लसणीची फोडणी द्यायची आणि सार म्हणून लेकाला पाजायचं. बेचव खाऊन कंटाळलेला दौलत वाटी चाटूनपुसून प्यायचा. बायकोला सांगू नकोस, एवढंच आई बजावायची.

रिपोर्ट बिघडला तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांदेखत सुचित्राला झापलं. राधाबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांना, खरं सांगायचं तर, जरा बरंच वाटलं.

पुढच्याच आठवड्यात सार पिऊन दौलत हात धुवायला उठला आणि मोरीतच कोसळला. तो पुन्हा उठला नाही.

भेटायला आलेल्या बायकांना राधाबाईंनी रडत रडत सगळं सांगितलं. ही उपाशी ठेवायची, मी चोरून पाणी पाजलं म्हणून इतका तरी जगला. सुचित्रा चहा देत होती. तिनं ट्रे खाली ठेवला.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी तिनं सासूच्या ताटाशी वाटी ठेवली. लसणीचा वास ओळखीचा होता.

"घ्या आई. ह्यानंच तुमचा दौलत गेला. डॉक्टरांना विचारून आले मी."

राधाबाईंनी वाटी उचलली आणि आपणही सुटू, या आशेनं घटाघटा संपवली. पण त्यांना काही झालं नाही. त्यांच्या किडन्या ठणठणीत होत्या.

दुसऱ्या दिवशी ताटाशी पुन्हा वाटी होती.